मॅटीचा वाफा

"फावडं लागलं न्हाई तर तुकडा जाईल, एनिड. मी न्हाई म्हनत, कमिटी म्हनतीय." सेप ट्वेडल फाटकावर दोन्ही कोपरं टेकून बोलत होता.

"कमिटी म्हंजी कोन? तूच की." एनिडनं वर पाहिलंसुद्धा नाही. ती रुबार्बच्या कोंबांवर जुनी बादली पालथी घालत होती. अंधारात ठेवलं की त्या भाजीचे आंबट दांडे कोवळे निघतात.

"नियम सगळ्यास्नी सारखा हाय. गुड फ्रायडेला आमी फिरनार. सोळा आण्यातली बारा आणे जमीन खनल्याली दिसली पायजे. मॅटी गेला, वाईट झालं. पर जमीन पडीक ठिवायची न्हाई."

"पडीक कुठं हाय? भिजलीय. आत पाय टाकून बघ, जोडा हितंच ऱ्हाईल तुजा."

सेपनं पाय टाकला नाही. तेवढं शहाणपण त्याला होतं.

मी शेजारच्या तुकड्यावर माझ्या नवऱ्यासाठी, लान्ससाठी चहाची किटली घेऊन आले होते, म्हणून हे सगळं कानावर पडलं. नसते आले तरी संध्याकाळपर्यंत कळलंच असतं. आमच्या गावात खाण बंद पडली, पण तोंडं बंद पडली नाहीत. खाणीमागचे, कमिटीनं वाटून दिलेले बागेचे तुकडेही तसेच राहिले. कामावरून सुटलेले गडी तिथं जायचे, आता पेन्शनवाले जातात. दारापुढची चिमूटभर बाग बाईची आणि खाणीमागचा तुकडा गड्याचा, हे आमच्याकडं कुणी ठरवलेलं नाही, पण कुणी मोडलेलंही नाही. मार्च उजाडला की आम्ही दारात गुलाब छाटायचे, वाफ्यांच्या कडा कापायच्या, बेण्याचे बटाटे अंड्यांच्या खोक्यात उभे करून मोड यायला खिडकीत ठेवायचे. गड्यांनी चिखलाचे जोडे घालून स्वयंपाकघरात यायचं आणि आम्ही ओरडायचं.

एनिडचा नवरा मॅटी मागच्या शरदात गेला. छातीत खाणीची धूळ होतीच. पाच मुली लांब लग्न करून दिलेल्या, आणि पोरींना मातीचं कौतुक नाही. त्यामुळं एनिडनं आयुष्यात पहिल्यांदा ती खाणीमागची वाट धरली. मी विचारलं, कशाला गं, घरची बाग आहे की. तर म्हणाली, "थेल्मा, त्यो तुकडा गेला तर मॅटी दुसऱ्यांदा जाईल." 

आता सेपला त्या तुकड्याची एवढी कळकळ का, ते सांगायला हवं. आमच्याकडं लीक पिकवतात. कांद्याच्याच जातीतला, पण गोरा आणि जाडजूड, बुंध्याला बाळाच्या दंडाएवढा. सप्टेंबरात क्लबात त्याचं प्रदर्शन भरतं. त्यासाठी माणसं बायकोचा वाढदिवस विसरतात. पहिलं बक्षीस मॅटीचं आणि दुसरं सेपचं, हे इतकी वर्षं चाललं होतं की लान्स सेपला पाठीमागं 'दुसरा' असंच म्हणायचा. सगळी करामत मॅटीच्या वाफ्यात होती. आमची इथली माती म्हणजे पिवळी चिकण, ओली असली की गोंद, वाळली की वीट. त्या मातीत खोल चर खणून मॅटीनं कडेनं रेल्वेच्या जुन्या फळ्या लावून एक लांब वाफा केला होता आणि त्यात सगळी माती बाहेरून आणून घातली होती. खाणीच्या तट्टांची लीद, नदीची वाळू, चर्चमागचा कुजका पाला, किनाऱ्यावरचं शेवाळ, चुलीची काजळी. हिवाळाभर त्यावर पत्रे. हात घातला तर कोपरापर्यंत जाई. सेपला तो वाफा आपल्या जावयासाठी, कीथसाठी हवा होता. कीथला लीक आणि कांदापात यातला फरक सांगता आला नसता, पण वाफा कीथचा झाला की राबणार सेपच.

यंदा ईस्टर अगदी लवकर, मार्चातच आला होता. गुड फ्रायडेला बटाटा मातीत गेलाच पाहिजे, ही आमच्या लोकांची जुनी खोड. सण चंद्रावर चालतो आणि माती पावसावर, पण हे समजावायला गेलं तर बापजाद्यांची नावं निघतात. महिनाभर समुद्रावरचा वारा थांबला नव्हता. पाऊस असा तिरका की छत्री उघडून उपयोग नाही. वाफसा यायचं नाव नव्हतं. तरी सगळे गडी उतरले. फावडं घातलं की मातीचं ढेकूळ चकचकीत निघायचं, साबणाच्या वडीसारखं. लान्स रोज घरी येऊन पाठ शेकायचा.

"कशापायी खनतोयस रं? मॅटी न्हाई का म्हनायचा, मूठ दाबून बगा, गोळा झाला तर घरी जावा?" मी त्याला विचारलं.

"मॅटीचं ठीक हुतं. त्येच्या नादाला कमिटी लागत न्हवती. माजा तुकडा गेला तर मी दिसभर तुज्या स्वयंपाकघरात बसंन. चालंल?"

नाही म्हटलं तरी ते मला चाललं नसतं.

एनिडकडं लान्स स्वतःहून गेला. म्हणाला, "मी आन् अजून दोघं येतो. उद्या सकाळी तुजा तुकडा उलथून टाकतो. खनल्याला दिसला म्हंजी झालं."

एनिडनं त्याला चहा दिला, केक दिला, आणि नको म्हणाली.

"अगं, खालीवर करायचं नुस्तं. सेपचं त्वांड बंद."

"आन् मंग? मे म्हयन्यात त्येची वीट हुनार. त्या मानसानं ती जमीन इतकी वर्सं वळनावर आनली, ती मी सेपला दावायसाठी एका दिसात मोडू? दाखवायपुरता चिखल तुडवायचा तर मी रस्त्यावर तुडवीन, लान्स. तितं नुकसान न्हाई."

लान्स घरी येऊन पाठ शेकत बसला. मग म्हणाला, "बाई येडी हाय. पर बरोबर हाय."

मला तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. इतकी हट्टी कशाला व्हायचं? तुकडा राहिला तर माती पुन्हा होईल, तुकडाच गेला तर काय करशील, असं मी तिला तोंडावर म्हणाले. ती आपला एकेक गुलाब छाटत राहिली. गुलाब तिचा जीव की प्राण. दारापुढं लाल, पिवळे, पांढरे, सगळ्या गल्लीत असे नव्हते.

गुड फ्रायडे उगवला तो पावसातच. कमिटीचे पाच जण डोक्यावरून टोप्या ओढून रांगेनं फिरले. प्रत्येक तुकड्यावर चिखलाची चकाकती ढेकळं पाहून माना डोलवल्या. एनिडच्या तुकड्यावर आले तर तिथं फावड्याची खूण नाही. फक्त वाटांवर फळ्या टाकलेल्या, म्हणजे पायानं माती दबू नये. एनिड मॅटीचा जुना कोट घालून शेडच्या दारात उभी होती.

"सांगितलं हुतं," सेप म्हणाला.

"ऐकलं हुतं," एनिड म्हणाली.

हात वर झाले. दोघांनी खाली बघत वर केले, पण केले. तुकडा गेला. मी कुंपणापलीकडून बघत होते. एनिडचा चेहरा हलला नाही.

"जाताना काय नेऊ?" तिनं विचारलं.

जाणाऱ्यानं आपलं आपण घेऊन जायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. कुणी शेड मोडून नेतं, कुणी काचा, कुणी आंबटगोड फळांची झुडपं मुळासकट. सेप जिंकलेला होता. जिंकलेला माणूस उदार होतो, आणि ऐकायला लोक असले तर जास्तच.

"मॅटीनं आनल्यालं समदं तुजं, एनिड. आमी काय चोर न्हाई. खिळासुद्धा ठिवू नगंस. सोमवारपातूर मोकळं कर म्हंजी झालं."

"समदं?"

"समदं म्हनलं न्हवं? ह्ये चौघं साक्षी हायती."

त्या दुपारी पाऊस थांबला. मी दार उघडलं तर एनिड गल्लीतून बाबागाडी ढकलत येत होती. तिच्या पाचही पोरी जिच्यात वाढल्या ती जुनी, मोठ्या चाकांची. मला वाटलं, शेडमधली हत्यारं असतील. तिनं दारात गाडी थांबवली, वरची ताडपत्री काढली. आत काळी, भुसभुशीत, कोरडी माती होती.

"एनिड, ही—"

"मॅटीनं आनल्याली," ती म्हणाली. "फावडं असलं तर घिऊन ये. बोलू मागनं."

मी फावडं आणलं. गुलाब काढून तिथं ती माती टाकायची म्हटल्यावर मला धीर होईना. तिनं स्वतःच पहिलं झुडूप उपटलं. हाताला काटा लागला, रक्त आलं, ते तिनं कोटाला पुसलं. म्हणाली, "तुज्या दारात लाव ह्ये. पानी घाल पर. तू इसरतीस." मग दुसरं उपटलं. माझ्याच डोळ्यांना पाणी आलं, तिच्या नाही.

दुसऱ्या दिवशी लान्स आमचा हातगाडा घेऊन गेला. मग ज्यांनी हात वर केले होते त्यातलाच एक जण गाडा घेऊन आला, कुणाकडं न बघता भरू लागला. गल्लीतल्या बायका सणाचे बेकरीतले गोड पाव वाटत दारात उभ्या होत्या. रविवारी चर्चला जाणारे जाताना टोपी काढत होते, जशी काही प्रेतयात्रा चालली आहे. कुणी सेपला सांगितलं नाही. सेप गुड फ्रायडेलाच ईस्टरसाठी लेकीकडं गेला होता आणि तिथंच राहिला होता, तेवढं देवानं केलं.

सोमवारी दुपारी तो कीथला घेऊन तुकडा दाखवायला गेला. फळ्यांची चौकट नव्हती, पत्रे नव्हते. वाफ्याच्या जागी लांबलचक खड्डा, तळाला पिवळी चिकण आणि त्यात पाणी. कीथनं विचारलं म्हणे, "मामंजी, ह्येच काय?"

सेप तडक आमच्या गल्लीत आला. एनिड दारापुढं गुडघ्यांवर बसून हातानं माती सारखी करत होती. दारापुढं गुलाबांच्या जागी गड्यांचा लीकचा वाफा, असं आमच्या गल्लीत कधी कुणी पाहिलं नव्हतं.

"ही चोरी हाय," सेप म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता.

"चौघं साक्षी हायती, तूच म्हनालास."

"मी शेड म्हनलो. काचा म्हनलो."

"समदं म्हनलास. तुकडा हाय तिथं हाय, कमिटीचा. आमाला दिला हुता तवा असाच हुता, पिवळा आन् पान्यानं भरल्याला. तुज्या जावयाला म्हनावं लाग कामाला. दम हाय त्येच्या अंगात."

सेपनं आजूबाजूला पाहिलं. गल्लीतली सगळी दारं उघडी होती. तो फाटकाला धरून उभा राहिला, वाफ्याकडं बघत. मला वाटलं आता शिव्या देईल. पण तो खाली वाकला, कुंपणातून हात घालून मूठभर माती उचलली, दाबली, सोडली. ती बोटांतून सुटून पडली.

"त्ये शेवाळ कदी घालायचं?" त्यानं हळूच विचारलं. "मला कदी सांगितलं न्हाई त्येनं."

"मलाबी न्हाई," एनिड म्हणाली.

सेप गेला. जाताना त्यानं फाटक नीट ओढून घेतलं.

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा एनिड तशीच मातीत बसली होती, कोपरापर्यंत काळी. आणि आता कुठं ती रडत होती, आवाज न करता, मॅटीला पुरलं तेव्हाही रडली नव्हती तशी. मी शेजारी बसले. म्हटलं, गुलाब माझ्याकडं आहेत गं, हवे तेव्हा घेऊन जा.

"नगं," मातीवर हात ठेवून ती म्हणाली. "जलमभर मला हिचा राग यायचा, थेल्मा. कामावरनं सुटला की हिच्याकडं. सणाला हिच्याकडं. पोरी झाल्या तवाबी हिच्याकडंच. आता आनली घरी. बगू दे, त्यो कुटं जातोय ते."