फरशीवाल्याच्या गुडघ्याखालची उशी

मी बोलतेय खरी, पण माझ्या बोलण्याला कितपत अर्थ आहे, याची मला खात्री नाही. मी एक उशी. डोक्याखालची नव्हे, गुडघ्याखालची. माणसांच्या डोक्यात काय चालतं ते मला कधीच कळलं नाही. मला कळतं ते फक्त वजन.

एका फरशीवाल्याच्या बायकोनं मला शिवलं. नवऱ्याचे गुडघे सुजलेले बघून तिनं त्याचा जुना कोट कापला, आत चिंध्या ठासल्या आणि दुहेरी टीप मारली. दिवसभर तो लोकांच्या स्वयंपाकघरांत, दुकानांत माझ्यावर टेकून फरशा बसवी. संध्याकाळी मला झटकून पलंगाशेजारी ठेवी आणि माझ्यावरच टेकून प्रार्थना करी.

"एकाच उशीवर मालकाचं कामही आणि देवाचंही! देवाला तरी वेगळी घे की लेका," त्याच्याबरोबरचा गवंडी चिडवायचा.

"त्याला सिमेंटचा वास चालतो," हा म्हणायचा.

प्रार्थना साधी असे. फरशी सपाट बसली, हात शाबूत आहेत, बापा, तुझे आभार. बायको दारात उभी राहून आमेन म्हणे. अडीनडीला कुणी मदत देऊ केली, की तो हात जोडी. "माणसांना कशाला त्रास? देव आहे." मला ते फार मोठं वाटे. आता वाटतं, त्यात थोडा ताठाही असावा. पण मी उशी. माझं चुकतही असेल.

एके दिवशी दुकानात फरशी ठोकताना तो माझ्यावरच कलंडला. अर्धांगवायू. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

मला कुणीतरी घरी आणून दाराआड टाकलं. तिथून बघत होते. ती त्याला उठवी, पुसे, भरवी, मधल्या वेळात लोकांचे कपडे शिवी. शेजारचा बस ड्रायव्हर दारातून विचारी, "वहिनी, काही हवं-नको?" ती नवऱ्याचंच वाक्य म्हणे, "देव आहे." मग दार लावून भिंतीला टेकून उभी राही.

एकदा नणंद आली. "अगं, तू अर्धी झालीस. शुश्रूषागृहात एक खाट रिकामी झालीय. उद्या हो-नाही कळवायचंय."

"ताई, यांना वाटेल मी यांना टाकलं."

"आणि तूच पडलीस तर? प्रार्थना तरी करतेस का?"

"बोलायचं काम यांचं होतं. मला आमेनच येतं."

नणंद गेल्यावर तिनं मला ओढून घेतलं. पहिल्यांदाच तिचे गुडघे माझ्यावर आले. नवऱ्यापेक्षा कितीतरी हलकी बाई, पण एवढी मी कधीच दबले नव्हते. "बापा, मला जमत नाहीये. सकाळी यांना उठवून बसवेन एवढी ताकद दे. पुढचं पुढे."

सकाळी ताकद आली नाही. उठवायला गेली आणि दोघंही घसरून जमिनीवर बसली. तो डाव्या हातानं फरशी चाचपू लागला. एका सांध्यावर बोट थांबलं, कपाळाला आठ्या पडल्या, घशातून नाराजीचा हुंकार आला. फरशी तिथं जरा उंच होती, त्यानंच बसवलेली.

ती रडता रडता हसली. "अहो, आता काय उपटून परत बसवताय?"

मग उठायला बळच नव्हतं म्हणून असेल, तिनं भिंतीवर हात आपटले आणि ड्रायव्हरला हाक मारली.

तो अर्ध्या दाढीला साबण लावलेला तसाच धावत आला. "वहिनी, एका हाकेला एवढे महिने? भिंत काय किल्ल्याची आहे?" नवऱ्याच्या काखेत हात घालून त्यानं त्याला पलंगावर बसवलं. "रोज ड्यूटीवर जाण्याआधी येत जाईन. मला काय, एक पॅसेंजर जास्त."

नणंदेला तिनं सांगितलं, "ती खाट दुसऱ्या कुणाला मिळू दे, ताई. मी ताकद मागितली होती, त्यानं ड्रायव्हर पाठवला."

हे उत्तर होतं की नुसता शेजारधर्म, यावर मी अजून विचार करते. ती करत नाही. तिला वेळ नसतो.

तो बरा झालेला नाही. ती थकलेलीच आहे. प्रार्थना आता खुर्चीत बसून करते. माझी शिवण उसवलीय, आतल्या चिंध्यांच्या गाठी झाल्यात. तुमच्या ओळखीत कुणी दार लावून घेत असेल, तर बाहेर जरा थांबा, एवढंच सांगायचं होतं.

कातडी सोलवटू नये म्हणून हल्ली मला त्याच्या उजव्या टाचेखाली ठेवतात. त्या पायाला काही कळत नाही. खाली मी आहे, हेही नाही. तरी टाच माझ्यावरच आहे.