कोणताही दावा

पत्र आलं तेव्हा मी खारूच्या दंडावरचा सेन्सर बदलत होते. खारू म्हणजे माझी चार वर्षांची मुलगी. दोन्ही गालांत घास कोंबून बसते म्हणून खारूताई, त्याचं झालं खारू. दीड वर्षाची असताना तिला मधुमेह निघाला. आता तिच्या दंडावर बटणाएवढा सेन्सर, कमरेला इन्सुलिनचा पंप आणि दोघांच्या मध्ये एका जुन्या फोनवर भावोजींचा प्रोग्रॅम. सेन्सर साखर सांगतो, प्रोग्रॅम ती पुढच्या अर्ध्या तासात कुठे जाईल याचा अंदाज बांधतो, पंप तेवढंच इन्सुलिन सोडतो. हा प्रोग्रॅम तिला लावायची हिंमत होईपर्यंत वर्षभर मी दर दोन तासांनी गजर लावून उठायचे. त्या वर्षातलं मला फारसं काही आठवत नाही, एवढंच सांगते.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांनाही आठव्या वर्षापासून हाच आजार. दिवसा ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळतात, उरलेल्या वेळात हा प्रोग्रॅम. कोणीही फुकट घ्यावा, उघडून पाहावा, सुधारून परत द्यावा. चौदा जण मिळून तो लिहितात आणि त्यातल्या कोणी कोणाला समोरासमोर पाहिलेलं नाही. नऊशे घरांत तो चालतो.

पण अंदाज बांधायची ती रीत एका कंपनीच्या पेटंटांत अडकलेली आहे. सेन्सर बनवते तीच कंपनी. सहा वर्षांपूर्वी तिने जाहीर वचन दिलं, की फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांवर आम्ही ही पेटंटं कधी उगारणार नाही. त्याआधी भावोजी एकटेच लिहायचे. वचनानंतर वर्षभरात तेरा जण येऊन मिळाले. सगळी नोकरदार, लेकुरवाळी माणसं, कोर्टाचा कागद दारात येणार नाही म्हटल्यावरच आलेली. "वचनाची किंमत काय म्हणाल वहिनी, तर ही तेरा माणसं," भावोजी म्हणायचे.

पत्रात लिहिलं होतं की ते वचन आमच्यापुरतं संपलं आहे. आणि ते माझ्यामुळे संपलं होतं.

झालं होतं असं. दोन महिन्यांपूर्वी सेन्सरचा एक साठा खराब निघाला. साखर असेल त्याहून जास्त दाखवायचा. मी जात्याच संशयी. सेन्सर काहीही म्हणो, मी दिवसातून तीनदा खारूचं बोट टोचून रक्त तपासते आणि दोन्ही आकडे वहीत लिहिते. नवरा म्हणतो, तुझा स्वतःच्या श्वासावर तरी विश्वास आहे का. पण वहीमुळेच मला फरक दिसला. एक्केचाळीस वेळा, प्रत्येक वेळी वरच्याच बाजूला. खारूचा सेन्सर मी काढून फेकला.

टेलरबाईंना ते कळलं नाही. आमच्या पालकांच्या गटातल्या त्या, बाजारामागच्या गल्लीत शिवणकाम करतात, जुळ्या मुली आहेत. धाकटीला मधुमेह. सेन्सरने खोटा आकडा दिला, प्रोग्रॅमने त्यावर विश्वास ठेवला, पंपाने इन्सुलिन सोडत नेलं. भर दुपारी पोर शिवणाच्या मशीनशेजारी झटके येऊन पडली. तीन दिवस शुद्ध नव्हती. आता चालते, पण उजव्या हातात काही धरत नाही, आणि बोलताना शब्द शोधत बसते.

मी तक्रार लिहिली. माझ्याकडे वही होती, पदवी होती आणि राग होता. ग्राहक न्यायालयाच्या अर्जात एक रकाना होता, तक्रारदार संस्थेचं नाव. एकट्या आईला कोण विचारतो, म्हणून मी तिथे भावोजींच्या गटाचं नाव घातलं. प्रोग्रॅमची मराठी माहितीपुस्तिका मीच लिहिली होती, त्यामुळे गटाच्या यादीत माझं नाव होतं. भावोजींना विचारलं नाही. वाटलं, कौतुकच करतील.

आता ते स्वयंपाकघरात बसून पत्र तिसऱ्यांदा वाचत होते.

"कलम सात," ते म्हणाले. "जो कोणी कंपनीविरुद्ध कोणताही दावा करेल, त्याच्यापुरतं हे वचन पहिल्यापासून रद्द. म्हणजे आजपासून नाही, सहा वर्षं मागे जाऊन रद्द."

"तुम्हाला माहीत होतं हे?"

"वाचलं होतं. मला वाटलं, पेटंटचा दावा. तसंच असतं सगळ्यांच्या वचनांत. आमच्यावर पेटंट उगारलंत तर आम्हीही उगारू, एवढंच. यांनी 'कोणताही' लिहून ठेवलंय आणि मी सहा वर्षं तो शब्द पाहून न पाहिल्यासारखा केला."

सासूबाई शेंगा सोलत होत्या. "धर्माची गाय म्हणून तिचे दात मोजले नाहीत, इथवर ठीक," त्या म्हणाल्या. "पण मारकी आहे का, ते तरी बघायचं होतं."

"आई, गप्प बस गं."

"मी गप्पच असते. तुम्ही शिकलेली माणसं बोलता."

मी भावोजींकडे पाहत होते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसती प्रोग्रॅम लिहिणाऱ्या चौदा जणांची यादी उघडली. बाकीच्यांना हेच पत्र आदल्या दिवशी मिळालं होतं, आणि यादीतली नऊ नावं निघून गेली होती. एकाने लिहिलं होतं, माफ करा, माझ्या कंपनीच्या वकिलांनी सांगितलं. बाकीच्यांनी तेही लिहिलं नव्हतं. प्रोग्रॅम जिथून फोनवर चढवायचा ते खातंही बंद करण्यात आलं होतं. आणि तो दर नव्वद दिवसांनी नव्याने चढवावा लागतो, नाहीतर थांबतो.

"आपले किती दिवस उरलेत?" मी विचारलं.

"खारूचे एकोणीस. काहींचे चारच."

दुसऱ्या आठवड्यात कंपनीच्या वकीलबाईंनी आम्हाला बोलावलं. काचेची खोली, मधोमध पाण्याचा जग, त्याला कोणी हात लावत नव्हतं. बाई माझ्याच वयाच्या असतील. खारू केवढी आहे, शाळेत जाते का, असं त्यांनी आधी विचारलं, आणि खरंच ऐकून घेतलं. मग कागद पुढे केला. तक्रार मागे घ्यायची. वहीतले आकडे घरगुती उपकरणाने, अप्रशिक्षित व्यक्तीने घेतलेले असल्यामुळे विसंबण्याजोगे नाहीत, असं मी लिहून द्यायचं. त्या बदल्यात कंपनी आमच्या गटाला वचन नव्याने देईल.

"आणि त्या मुलीचं काय?" मी म्हटलं.

"त्याबद्दल आम्हाला वाईट वाटतं. पण इन्सुलिन सोडायचा निर्णय तुमच्या प्रोग्रॅमने घेतला, आमच्या सेन्सरने नाही. खटला चालला तर आम्हाला हे मांडावं लागेल." त्या भावोजींकडे वळल्या. "तुम्हाला ते नको असेल."

भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला. ही गोष्ट त्यांनी स्वतःला किती वेळा सांगितली असेल, ते मला तेव्हा कळलं.

बाहेर जिन्यात ते थांबले. "वहिनी, मी काही सांगणार नाही. माझं नाव त्यात आलंय, माझा सल्ला धरू नका."

"आणि नऊशे घरं?"

"तेच म्हणतोय. मला काही विचारू नका."

मी टेलरबाईंकडे गेले. त्या खाली मान घालून एका कोटाचं अस्तर उसवत होत्या. धाकटी जमिनीवर डाव्या हाताने रंगाचे खडू डबीत भरत होती. थोरली शेजारी बसून मुद्दाम हळूहळू भरत होती, बहिणीच्या पुढे जाऊ नये म्हणून. मी सगळं सांगितलं, कलम, कागद, वही. काही गाळलं नाही. त्यांनी उसवणं थांबवलं नाही.

"म्हणजे तुम्ही लिहून देणार की तुमची वही खोटी."

"खोटी नाही. विसंबण्याजोगी नाही."

"तुमची भाषा चांगली आहे."

मी कागदाची घडी घातली.

"मला एक वकील म्हणाला होता," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे फक्त मुलगी आहे, पुरावा नाही. पुरावा त्या दुसऱ्या बाईंकडे आहे. मी म्हटलं, त्या पक्क्या आहेत."

"तुम्ही नाही म्हणालात तर मी सही करणार नाही."

पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली. "हे बरं आहे. म्हणजे माझ्या डोक्यावर." मग धाकटीकडे पाहून आवाज खाली आणला. "हिच्या फोनवर सहा दिवस दाखवतंय. मी दिवसभर मशीनवर असते. त्या प्रोग्रॅमनेच हिला पाडलं, आणि त्याच्याशिवाय मला एक दुपार ढकलता येत नाही. तुम्हाला काय वाटलं, मी नाही म्हणेन? करा सही. फक्त माझ्यासाठी केली असं कुठे म्हणू नका."

मी सही केली. नुसत्या कागदावर नाही. वकीलबाईंनी वहीच्या पानांच्या प्रती आणल्या होत्या, प्रत्येक आकड्याखाली माझी छोटी सही हवी होती. एक्केचाळीस वेळा. चुकून एक राहिली, तर त्यांनी नम्रपणे बोट ठेवून दाखवली. वही त्यांनी ठेवून घेतली.

चौथ्या दिवशी वचन कंपनीच्या पानावर परत आलं. गटाने जाहीर आभार मानावेत अशी अट होती, ते भावोजींनी दोन ओळींत मानले. खातं उघडलं. गेलेल्या नऊ जणांपैकी दोघं परतले. भावोजी आता प्रोग्रॅम लिहितात, पण नव्या माणसाला बोलावत नाहीत. बोलावून काय सांगू, म्हणतात.

टेलरबाई धाकटीला घेऊन आमच्याकडे आल्या, प्रोग्रॅम चढवायला. भावोजी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले. पोरीकडे त्यांना पाहवत नाही. खारूने तिला आपला हत्ती दिला. तिने तो डाव्या हाताने घेतला. मी चहा ठेवू का विचारलं. त्या नको म्हणाल्या, आणि बसल्याही नाहीत.

"ते नवीन वचन," त्या म्हणाल्या. "त्यात आपण काय केलं की ते तुटतं, तेवढं मला वाचून दाखवा. आपल्या भाषेत."

मी छापील कागद आणला आणि उभ्यानेच सांगत गेले. दावा करायचा नाही. दाव्यात साक्ष द्यायची नाही. दावा करणाऱ्याला माहिती पुरवायची नाही. सेन्सरच्या आकड्यांची दुसऱ्या उपकरणाशी तुलना करून ती जाहीर करायची नाही. हे शेवटचं नवीन होतं.

"घरातल्या घरात केली तर?"

"जाहीर करायची नाही म्हटलंय."

"म्हणजे तुम्हाला परत फरक दिसला, तर मला सांगणार नाही."

खारू हत्तीची सोंड पकडून धाकटीला तो कसा चालवायचा ते शिकवत होती. आतून भावोजी म्हणाले, झालं, नव्वद दिवस. टेलरबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी कागद परत पहिल्यापासून वाचायला लागले, मनातल्या मनात, त्यांना सांगणं कुठल्या ओळीत बसतं ते शोधत. त्या आत जाऊन फोन घेऊन आल्या. मग पोरीचा डावा हात धरून जिना उतरून गेल्या.