दंडाची मिनिटं

ध्यान शिकवणारे सर, आमच्या घरात भीती शिरली ती तुमच्यामुळे. "चीड येते ना? मग बसणं वाढवा," एवढं सांगून तुम्ही मोकळे झालात. कुठे थांबायचं, ते सांगितलं नाहीत.

मित्रांनो, मी एक जुना टायमर आहे. स्वयंपाकघरातला, हाताने फिरवायचा. पोटात स्प्रिंग, वर आकड्यांची चकती, आत इवलीशी घंटा. चकती फिरवली की मी टिकटिक करत शून्याकडे येतो आणि घणघणतो. कारखान्यात माझी स्प्रिंग बसवणाऱ्या बाईने मला कानाशी धरलं आणि म्हणाली, "हा बोलका निघाला." ते माझं पहिलं कौतुक.

मला विकत घेतलं आजींनी. गॅसवर दूध ठेवून विसरायची त्यांना खोड. मी आल्यापासून दूध कधी उतू गेलं नाही. "माझ्यापेक्षा यालाच अक्कल जास्त," असं त्या शेजारणींना सांगत. पुढे त्यांचे हात कापू लागले, तरी मला पुसताना त्यांनी कधी घाई केली नाही.

आजींचा लेक चष्मे बनवतो. दिवसभर काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, आणि वर "अजून धूसरच दिसतंय" हे ऐकून घ्यायचं. माणूस वाईट नाही, डोकं तापट. आजींच्या हातून भांडं पडलं की हा उसळलाच. मग त्याचं त्यालाच वाईट वाटे. म्हणूनच तो तुमच्या शिबिराला आला, सर. परतल्यावर त्याने मला स्वयंपाकघरातून उचललं आणि आपल्या खोलीत नेलं.

पहिले काही दिवस बरे गेले. थोडा वेळ डोळे मिटून बसायचा आणि शिट्टी वाजवत दुकानात जायचा. मग एकदा तो आजींवर खेकसला, आणि त्याने स्वतःला एक नियम घालून घेतला. आज चिडलो, तर उद्या जास्त वेळ बसायचं. दंड म्हणून. आता बघा. जास्त बसलं की पाय आखडायचे, दुकानाला उशीर व्हायचा, म्हणून तो आणखी चिडायचा. चिडला की पुन्हा दंड. आगीत तेल ओतायचं आणि विझत का नाही म्हणून कपाळावर हात मारायचा, अशातली गत. चकती रोज पुढे सरकत गेली. शेवटी माझे आकडेच संपले.

मला माझ्याच घंटेची भीती वाटू लागली. शून्य जवळ आलं की पोटातली चाकं थरथरत, कारण घंटा वाजली की तो दातओठ खात उठायचा. भिंतीपलीकडे आजी माझी टिकटिक कान देऊन ऐकत. घंटेच्या आधी सगळी भांडी आवरून त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून बसत.

एका सकाळी दूध करपलं. मी तिथे नव्हतो ना. जळका वास दाराखालून आत आला. त्याच्या मिटलेल्या पापण्या फडफडल्या. ऊठ, आत्ताच ऊठ, असं मला ओरडायचं होतं. पण शून्याआधी मला आवाज नाही. तो मुठी आवळून बसून राहिला. घंटा झाली, आणि त्याने मला दाराच्या दिशेने भिरकावलं. दारात आजी उभ्या होत्या, दुधाचं सांगायला आलेल्या. मी त्यांच्या कानाजवळून गेलो आणि भिंतीवर आपटलो. माझ्या चकतीला तडा गेला. आजींनी दोन्ही हात डोक्यावर धरले.

"मी मुलीकडे जाते," त्या म्हणाल्या. "इथे मला घास गिळवत नाही."

"आई, तुझ्यावर नाही फेकलं गं."

"मग हात कुणाचा होता?"

त्याची बायको ओल्या हातांनी धावत आली. "अहो, तुम्ही शांत व्हायला बसता की आम्हाला धाक दाखवायला?"

"सरांनी वाढवायला सांगितलंय."

"मग सरांनाच बोलवा, आईंना थांबवायला. वास आला तेव्हाच उठला असतात, तर एव्हाना पातेलं घासून झालं असतं."

तो मटकन खाली बसला. "आत चढतंय ते कळत होतं मला. मध्येच उठलो तर हरलो, असं वाटलं."

"मग हरा की. आमची काही हरकत नाही."

आजी आत पिशवी भरायला गेल्या.

पिशवी भरून बरेच दिवस झाले. ती अजून दाराशीच आहे. त्या रोज "उद्या बघू" म्हणतात. तो आता मला चहा उकळण्याइतकाच वेळ लावतो. दंड बंद. राग चढताना जाणवला, तर घंटेची वाट न बघता उठतो, पाणी पितो आणि सांगतो, "आई, मला चीड येतेय. तू काही केलेलं नाहीस." कधी जमतं. काल जमलं नाही, त्याने दार आपटलं. आजींनी पिशवीकडे पाहिलं, आणि माझी टिकटिक अडखळली.

मित्रांनो, स्प्रिंग रोज शेवटपर्यंत पिळली की एक दिवस तुटते. थोडी फिरवा, पण रोज फिरवा. अंगात राग चढू लागला की त्याला वेळेवर ओळखा, आणि घरातल्यांना सांगा.

आणि सर, तुमच्या शिबिरातून माणसं अजून घरोघर परततात. त्यातल्या एखाद्या घरी कुणी म्हातारी भिंतीला कान लावून बसली असेल. तिला काय सांगाल, बसणं वाढेल तसं सहन कर? गप्प राहू नका. उत्तर द्या.