रोलवरची रेघ

मामाला मोतीबिंदू झालाय हे कारखान्यात फक्त मला ठाऊक होतं. तो प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर शाई चढवायचा. ती वाळली की त्या फिल्मच्या सौरपट्ट्या व्हायच्या, गुंडाळून पिशवीत टाकता येतील अशा. मी वाळवणीच्या भट्टीपुढे, दिव्याच्या टेबलाशी उभा राहून रोल तपासायचो. शाई ज्या फटीतून उतरते तिथे कणभर गुठळी अडकली, तरी फिल्मवर लांबच लांब रेघ उठते आणि तेवढी पट्टी मेली म्हणून समजा.

"काय म्हणतायत घारीचे डोळे?" मामा मशीनवरून ओरडायचा.

"स्वच्छ," मी म्हणायचो. रेघ असली तर, "फट पुसून घे."

चार वर्षं आम्ही माझ्या दोन डोळ्यांवर दोघांची नोकरी रेटली.

मग नवं मशीन यायचं ठरलं. ते चालवायला आमच्यातला एकच हवा होता; तपासणीच्या टेबलावर कमी पगाराचं कोणीही चाललं असतं. साहेब म्हणाले, मोठ्या गिऱ्हाइकाचा रोल मामाने बिनचूक काढला तर तो, नाहीतर मी.

दहाव्या मीटरलाच रेघ उठली. केसाएवढी.

"काय म्हणतायत घारीचे डोळे?"

"स्वच्छ."

चारशे मीटर मी तेच म्हणत राहिलो. लाज वाटली, नाही असं नाही, पण ती पन्नासाव्या मीटरपर्यंतच टिकली.

साहेबांनी रोल उजेडात धरला. मामा माझ्याकडे वळूनही न बघता म्हणाला, "पोराला मीच गोदामात पाठवलं होतं. टेबलावर कोणी नव्हतं." माझी नजर चुकली, असंच त्याला वाटलं होतं. तो मला पाठीशी घालणार, हे मी धरूनच चाललो होतो.

मामा घरी बसला, नवं मशीन मला मिळालं. घर चालायला हवं म्हणून त्याची मुलगी आता माझ्या जुन्या टेबलाशी उभी राहते. ती "स्वच्छ" म्हणाली की मला राहवत नाही. मी मशीन सोडून स्वतः बघायला धावतो.

"दादा, माझ्यावर विश्वास नाही का?" ती हसत विचारते.

तेवढ्यात तिकडे मशीनवर फटीच्या तोंडाशी शाई सुकते आणि रेघ उठते. गेल्या आठवड्यात असे तीन रोल वाया गेले. काल साहेबांनी त्याचं खापर तिच्यावर फोडलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून मशीन पुसत राहिलो.