दहा वाजताचा बाजा

बाबा गेल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी दहा वाजून गेले, तरी सुरतेजवळच्या भेस्तानमधल्या त्या घरात बाजा वाजला नाही.

बाजा हा शब्द समोरच्या धुरपदाबाईंचा. बाबांच्या, म्हणजे श्रीरंगरावांच्या लेखी ते स्विंग होतं, नाचायचं जॅझ, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं, अमेरिकेतल्या नाचघरांतून थेट रेडिओवर गेलेलं. बँकेच्या बारडोली शाखेत असताना शॉर्टवेव्हवर लागणारे ते जुने कार्यक्रम त्यांनी कॅसेटवर उतरवून घेतले होते. तेव्हापासून दर रविवारी दहाला ते टेपरेकॉर्डर लावत. वाद्यांच्या मागे काटेचमच्यांची खणखण, निवेदकाची घाई, टाळ्या. एका गाण्यात क्लॅरिनेटवाला दोन मात्रा आधीच घुसायचा. बाबा बोट वर करायचे.

“चुकला. आता बघ, बाकीचे कसं सांभाळून घेतात. थेट चाललंय, परत वाजवायची सोय नाही.”

मानसीने हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की ती चूक तिला चालीचाच भाग वाटे.

आता टेपरेकॉर्डर स्टुलावर होता, बाबांच्या पंचाखाली. पंचा तिनेच टाकला होता. त्यांच्या शेवटच्या रविवारी तिची ऑफिसची ऑनलाइन मीटिंग निघाली होती. गाणं ऐन भरात असताना ती दारातून म्हणाली, “बाबा, बंद करा ना जरा.” त्यांनी लगेच बटण दाबलं. ‘बरं’ म्हणाले, एवढंच. मीटिंग संपवून ती बाहेर आली तेव्हा ते खुर्चीत डुलकी काढत होते. मंगळवारी पहाटे गेले.

लोक आले, गेले; तेराव्यानंतर काकूही परतल्या. बाबांचे कपडे तिने नीट घड्या करून देऊन टाकले. त्या पंचाला मात्र हात लावला नाही. बटण दाबलं, तर गाणं बरोबर तिच्या त्या वाक्यापासून सुरू होईल, असं तिला वाटत होतं.

दार वाजलं. धुरपदाबाई दारातूनच बोलत आत आल्या. मूळच्या खानदेशच्या, नवरा सांच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, आणि त्या सुताचे बाबीन भरायला, असं आयुष्य सुरतेत गेलेलं. ऐकू कमी यायचं, म्हणून आवाज मोठा.

“काय व पोरी, आज बी बाजा नही?”

“वर्षभर नको म्हणाल्यात काकू.”

“तुनी काकूले सुतक व्हई. बाजावालास्ले काय?”

मानसीला हसू आलं आणि त्या हसण्याची लाजही वाटली. मग न ठरवताच ती बोलून गेली, “मावशी, शेवटचं गाणं मी त्यांना अर्ध्यावर बंद करायला लावलं.”

“कोन म्हने अर्धं?” धुरपदाबाई पलंगावर टेकल्या. “त्या रयवारे भाऊ हाई खोकं लई मना घर उनात. पोरनं काम चालू शे म्हने. पुरा बाजा वाजाडा. दोन कप च्या पिनात. तो चुकना, तवय बोट वर करीसन हासनात.”

“बाबा तुमच्याकडे आले होते? बोलला नाहीत कधी?”

“तू कोनासंगे बोलस का, मी बोलू?”

मानसीने पंचा उचलला. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं. एक चकती अगदी रिकामी होती. सगळी फीत शेवटपर्यंत वाजून दुसरीवर जाऊन बसली होती. ती कितीतरी वेळ तशीच पाहत राहिली. मग फीत मागे फिरवायला लावली.

टाळ्या. निवेदक. ढोलावर तारेचे ब्रश तालात घासू लागले तसा धुरपदाबाईंचा पाय हलू लागला.

“आमना सांचासारखं,” त्या म्हणाल्या.

क्लॅरिनेट आधीच घुसलं. म्हातारीने बोट वर केलं. “चुकना!”

“आता बघा,” मानसी म्हणाली.

आतल्या खोलीत तिचा फोन वाजू लागला. तिने हात पुढे केला आणि बाजाचा आवाज वाढवला.