रिकाम्या हातांनी

"घरी वडापाव, वेफर्स, केक कोण आणतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच घेते. शाळेजवळून," आमची सान्वी एका दमात म्हणाली.

दहा वर्षांची पोर, वजन अठ्ठावन्न किलो, आणि बापासाठी खोटं बोलत होती! मी सुदेशकडे पाहिलं. माझा नवरा ठाण्याला बाळकुमच्या टॉवरमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो. विसाव्या मजल्यावर न घाबरणारा माणूस त्या खुर्चीत पार आक्रसून बसला होता.

"मी आणतो, डॉक्टर," तो म्हणाला. "रोज."

रोज म्हणजे अगदी रोज. बापानं संध्याकाळी हात हलवत घरी यायचं नाही, ही त्याच्या घरची रीत. त्याचे वडील शेंगदाण्यांची पुडी आणायचे, हा चीज वडापाव आणि क्रीमरोल आणतो. मी तरी कुठे शहाणी? 'खातंपितं लेकरू, दृष्ट लावू नका' म्हणत तिच्या भातावर तूप ओतणारी मीच.

"रक्तातली साखर काठावर आहे," डॉक्टर म्हणाले. "पोरगी बाजारात जात नाही. तुम्ही जाता."

असा राग आला मला! खरं होतं म्हणून जास्तच आला.

दवाखान्यातून निघालो. सान्वी पुढे चालत होती. सुदेश हळूच म्हणाला, "मेघना, दिवसभरात अर्धा तास भेटते ती मला. पिशवी बघूनच धावत येते गं. काही नेलं नाही, तर येईल का दाराशी?"

"येडा आहेस का? बाप आहेस तू तिचा, फरसाणवाला नाहीस!" मी फाडकन बोलले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो नेहमीसारखा उशिरा टिटवाळ्याला घरी आला. सान्वी धावत गेली, पिशवी उघडली. आत रिकामा डबा, नट आवळायचे पाने आणि पाण्याची बाटली.

"विसरलास, बाबा?"

"नाही. आणलंच नाही. आता नाही आणणार."

ती आतल्या खोलीत गेली, धाडकन दार लावलं आणि भोकाड पसरलं. मला काही ते ऐकवेना. माझाच हात बिस्किटांच्या डब्याकडे गेला. सुदेशनं मनगट धरलं.

"नको. रडू दे. माझ्यावर चिडू दे." मग म्हणाला, "आणि मलाही चहाबरोबर काही देऊ नकोस. ती जेवेल तेच मी जेवेन."

कामाच्या कपड्यांतच तो तिच्या दाराशी फरशीवर बसला. चहा गार झाला, तरी उठला नाही. किती गरीब दिसत होता तो तेव्हा! मला त्याची माया आली.

बऱ्याच वेळानं रडणं थांबलं. आतून आवाज आला.

"बाबा, उद्या पण काही नाही आणणार?"

"नाही, बाळा."

आत नाक ओढल्याचा आवाज झाला.

"मग लवकर तरी ये."

सुदेशनं नुसती मान हलवली. बंद दारातून तिला ते कसं दिसणार? म्हणून मीच म्हटलं, "हो म्हणतोय गं."