शनिवारचा तास

"बाई, पाठ होतंय, पण डोक्यात शिरत नाही!" नववीतली चैताली रडकुंडीला आली होती. तिच्या जोडीदारणीच्या, दिशाच्या, हातात तक्ता होता : ‘क्वांटम संगणकाची मूलतत्त्वे’. उद्या विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक यायचे होते, आणि अडखळलात तर वर्गाबाहेर उभ्या करीन, असा पर्यवेक्षक प्रफुल्ल सरांचा दम होता.

लंकाबाईंनी चष्मा पुसला. पंचवटीत गोदावरीच्या, तिथल्या बोलीत गंगेच्या, काठी असलेल्या त्या कन्याशाळेत त्या एकोणतीस वर्षे खेळ शिकवीत आल्या होत्या. अठ्ठ्याण्णव साली याच सरांनी सर्व शिक्षकांदेखत पाचवीपासून वरच्या वर्गांचा शनिवारचा खेळाचा तास लाल शाईने खोडला होता. "फुगड्या घालून कुणी शास्त्रज्ञ होत नाही, बाई!" सगळे हसले होते. बाई हसल्या नव्हत्या. सात वर्षे त्या वाक्याचा त्यांनी डूख धरला होता.

"वाच पुन्हा," त्या म्हणाल्या. दोनदा ऐकून त्यांनी मैदानावर चुन्याने दोन चौकोन आखले.

"साधा संगणक या घरात, नाहीतर त्या घरात. शून्य किंवा एक. आता फुगडी घाला."

चैताली देवळ्याच्या खेड्यातली, तिला फुगडी येत होती. दिशाला बाईंनी हातांचा तिढा घालून पाय जोडायला शिकवले. गिरकी रंगली.

"दिशा, तोंड कुठं? गंगेकडं की फाटकाकडं?"

"कसं सांगू बाई, फिरतेय ना!"

"तेच. दोन्ही शक्य, ठरलेलं एकही नाही. शिट्टी म्हणजे मोजमाप, वाजली की एकच उत्तर. थांबा!" दिशाचे तोंड गंगेकडे होते. "आता न बघता सांग, चैतालीचं?"

"फाटकाकडं! अय्या, एकीचं कळलं की दुसरीचं कळलंच!"

"खेळ ही त्या गोष्टीची नुसती सावली आहे, हेही उद्या सांगा."

दुसऱ्या दिवशी मुलींनी फुगडी घालून तक्ता समजावला आणि परीक्षक खूश झाले. "कल्पना कुणाची?"

"माझीच, साहेब," प्रफुल्ल सर पुढे सरकले.

मुलींनी बाईंकडे पाहिले. बाईंनी पदर खोचला. "मग सरांनीच करून दाखवावी," म्हणत त्यांनी सरांचे हात तिढा घालून धरले आणि चैतालीच्या हाती शिट्टी दिली.

गिरकी वाढली. सरांचा चष्मा उडाला. टाळ्यांच्या गजरात बाई हळूच म्हणाल्या, "सोडू का हात?"

"नको! बाई, पडेन मी!"

"शनिवारचा तास?"

"देतो!"

"मोठ्यानं बोला. आणि कल्पना कुणाची?"

"तुमची! तास देतो! कल्पना तुमची, बाई!"

बाईंनी चैतालीकडे पाहून मान हलवली. शिट्टी वाजली. भोवळ उतरेपर्यंत सरांना त्यांचे हात सोडवेनात, आणि बाईंनीही ते सोडवून घेतले नाहीत. सगळ्या शाळेने पाहावे, एवढा वेळ.

शनिवारी दहावीच्या मुली मैदानावर आल्या.

"जोड्या लावा. फुगडी."

मुलींनी एकमेकींपुढे हात सरळ धरले आणि घुटमळल्या. तिढा कसा घालायचा, हे एकीलाही ठाऊक नव्हते; तास खोडला गेला तेव्हा त्या तिसरीत होत्या. मे महिन्यात बाई निवृत्त होणार होत्या.

त्यांनी चपला काढून कडेला ठेवल्या, पहिल्या मुलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि आपली मनगटे एकमेकांवर ठेवून हात पुढे केले.